मार्सलीनं धरलेलं पाऊल

मार्सलीला गप्प बस म्हणून सांगायची हिंमत आमच्या कॅरसे बेटावर दोघांनीच केली. एक तिचा नवरा. तो हेरिंग मासळीच्या हंगामात बोटीसकट बुडाला. दुसरा बेटावरचा पाद्री. त्यानं एकदाच सांगून पाहिलं आणि पुन्हा तिच्या वाटेला गेला नाही. बाई उंचीनं बेताची, हाडापेरानं दणकट, आणि जीभ अशी की मासे चिरायला वेगळी सुरी लागू नये. शेजारच्या बेहाकची गाय अडली की हातातलं टाकून धावत जाणारी हीच, आणि वासरू सुखरूप बाहेर आल्यावर, "बेहाक, तुझ्या नवऱ्यापेक्षा ह्या गाईला अक्कल जास्त आहे गं," असं सगळ्यांदेखत म्हणणारीही हीच.

त्या काळी स्कॉटलंडचा राजा म्हणजे आम्हा पश्चिमेकडच्या बेटकऱ्यांना शपथ घ्यायला एक नाव, बस्स. आमचं पान हलायचं ते धन्याच्या शब्दानं. धनी टेकाडावरच्या दगडी बुरुजात राहायचा. त्याच्यानंतर कोण, हे त्याच्या रक्ताच्या पुरुषांमधून बेटकरी निवडायचे. थोरल्या मुलाचीच गादी, असली भानगड आमच्यात नव्हती. जो लायक तो बसेल. ऐकायला फार छान वाटतं हे. पण त्यामुळे घरातल्या प्रत्येक पुतण्याला आणि चुलतभावाला डोळे मिटले की तीच गादी दिसायची, हे मात्र कोणी बोलत नसे.

आणखी एक रीत होती. धन्याच्या घरातलं मूल बुरुजात वाढवायचं नाही. अंगावर पितं असतानाच ते गावातल्या एखाद्या बाईच्या ओटीत घालायचं, आणि दाढी फुटेपर्यंत तिनंच ते वाढवायचं. त्या वेळच्या धन्याचा, टॉर्किलचा, धाकटा भाऊ एका चकमकीत पडला, भावजय बाळंतपणात गेली, आणि मागे उरलेलं ते लालबुंद रडकं पोर मार्सलीकडे आलं. त्याचं नाव ईवर. तिचा स्वतःचा फर्कर तेव्हा जेमतेम मान धरायला लागला होता. एक डावीकडे, एक उजवीकडे, अशी दोन्ही पोरं तिनं पाजली.

पाजलं म्हणजे नुसतं पाजलं नाही. धन्याच्या रक्तावर हात उगारायचा नाही, म्हणून ईवरच्या वाटचा मारही फर्करनंच खायचा, ही दूधभावाची रीत. दोघांनी मिळून बेहाकचं चीज पळवलं की मार्सली काठी घ्यायची आणि एकट्या फर्करला बडवायची. "त्याला काटा बोचला तर कळ तुझ्या पायातून निघायला पाहिजे. कळलं का रे?" फर्कर मार खाताना हसायचा आणि ईवर कोपऱ्यात उभा राहून ढसाढसा रडायचा. बायका म्हणायच्या, काय गुणाची पोरं गं मार्सली तुझी! मार्सलीची मान ताठ व्हायची. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या आईनंही तेच केलं असतं, तिच्या आजीनंही.

आता कौलाचं सांगायला हवं. मार्सली उंबऱ्यावरचा कौल लावायची. कोणाची गाय हरवली, कोणाची बोट परतली नाही, की माणसं तिच्या दारी येत. सोमवारच्या पहाटे, उपाशीपोटी, अनवाणी, केस मोकळे सोडून, डोळे मिटून ती आतून उंबऱ्यापर्यंत यायची, दोन्ही हात चौकटीला टेकवायची आणि डोळे उघडायची. पहिल्यांदा जे दिसेल ते उत्तर. पक्षी उडताना दिसला तर माणूस जिवंत आहे. माणूस आडवा दिसला तर दुखणं. गाढवासारखं हसू नका. तिच्या सांगण्यावरून सापडलेल्या गाई आमच्या आजोबांनी खाल्ल्यात, म्हणजे त्यांचं दूध प्यायलंय. तिच्या आईनं हे शिकवताना एकच अट घातली होती. ज्यानं आपलं दूध प्यायलं त्याच्यासाठी कौल लावायचा नाही. तिथे बाईचे डोळे उघडायच्या आधीच ठरवून बसलेले असतात.

मार्सलीनं ही अट मोडली. तेच तर सगळं दुखणं.

झालं असं, की टॉर्किल धन्याला मूल नव्हतं. "माझ्यामागे ईवरच," असं तो दारू चढली की वर्षानुवर्षं म्हणत आला होता. ईवर दिसायला देखणा, बोलायला गोड, तलवारीला चपळ. बेटाचा जीव होता त्याच्यावर. फर्कर त्याच्याबरोबर बुरुजात गेला आणि धन्याच्या दारावर पहारेकरी झाला, धन्याचा घोडाही तोच बघायचा. आणि मग एका वसंतात टॉर्किलनं जाहीर केलं की येत्या ऑगस्टच्या सुगीच्या मेळ्यात तो सगळ्यांसमोर आपला वारस सांगणार, आणि तो वारस म्हणजे मुख्य भूमीवरचा एक चुलतभाऊ. त्याच्याकडे माणसं जास्त, बोटी जास्त. ईवरला हे त्यानं स्वतः सांगितलंसुद्धा नाही. खानसाम्याकडून कळलं त्याला.

ईवर सरळ मार्सलीच्या घरी आला, जसा गुडघा फुटल्यावर यायचा. "आई, माझ्यासाठी कौल लाव."

"तुझ्यासाठी लावता येत नाही. माहितेय तुला."

"बेहाकच्या मरतुकड्या गाईसाठी लावतेस, आणि माझ्यासाठी नाही? एकदाच. एकदा कळू दे मला, की मी आयुष्यभर दुसऱ्याच्या ताटाखालचं मांजर होऊन राहणार का."

तिनं लावला. खोटं कशाला बोला, तिच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं. धन्याला पाजणारी बाई मेळ्याच्या जेवणात वरच्या बाकावर बसते, तिला धन्याच्या आधी वाढतात. विधवा बाई, जन्मभर ओट्स दळून हात झिजलेले. तिनं मनातल्या मनात त्या बाकावर बसून पाहिलं नसेल असं कोणी म्हणू नये. सोमवारी पहाटे ती उंबऱ्यावर आली, डोळे उघडले, आणि समोर काय? टॉर्किल धन्याचा पांढरा घोडा, पाठीवर रिकामं खोगीर, तिच्या दारातल्या दगडी टाक्यात तोंड घालून पाणी पितोय.

ती तिथेच ओरडली, "रिकामं खोगीर! पोरा, धन्याची गादी चालत माझ्या दारी आली रे!"

ईवर तिच्या मागेच उभा होता. त्यानं वाकून तिच्या दोन्ही हातांची चुंबनं घेतली आणि निघून गेला.

उन्हाळ्यात आमची गुरं डोंगरावरच्या हिरवळीवर नेतात, आणि बायका तिथल्या गवती झोपड्यांत राहून लोणी काढतात. टॉर्किल धनी हरणाच्या शिकारीला तिकडे गेला, भरपूर जेवला, आणि दुपारी एका झोपडीत आडवा झाला. दारावर फर्कर. संध्याकाळी धन्याला उठवायला गेले तर तो गळा चिरलेला, आणि फर्कर दारातच बसलेला, हातात रक्ताळलेली सुरी. कोणी मारलं, असं विचारायच्या आत तो म्हणाला, "मी मारलं."

का? तर म्हणे धन्यानं त्याला शिवी दिली. पोरगं असं, की कोंबडी कापायची वेळ आली तर बेहाकला हाक मारायचं. पण कबुलीच दिल्यावर कोण काय करणार? त्याला बुरुजाखालच्या खड्ड्यात टाकलं. मुख्य भूमीवरच्या चुलतभावाचं नाव अजून मेळ्यात घेतलेलं नव्हतं, आणि इथे ईवर धन्याच्या प्रेतावर पडून असा रडत होता की दगडाला पाझर फुटावा. बेटकऱ्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, ईवरच धनी. मेळ्याच्या दिवशी त्याला गादीवर बसवायचं.

मार्सली जात्यावर ओट्स दळत बसली होती तेव्हा ईवर आला. ती दळायची थांबली नाही. गल्लीभर बायका तिच्या दारात येऊन रडून गेल्या होत्या, ती एकटी रडली नव्हती.

"आई, दार लावून घे."

"दिवसाढवळ्या दार लावायला काय झालंय? बोल."

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. "तू म्हणालीस गादी चालत येईल. नाही आली गं चालत. मला ओढून आणावी लागली."

जातं थांबलं. मार्सलीला हे आधीच कळलं होतं असं बेहाक पुढे सांगायची, पण कळणं वेगळं आणि कानानं ऐकणं वेगळं.  तिनं विचारलं ते एवढंच, "फर्कर?"

"मी बाहेर आलो तेव्हा सुरी माझ्या हातातच होती. त्यानं ती काढून घेतली. म्हणाला, दे इकडे, तू जा. मी मागितलं नव्हतं, आई! शपथ! त्यानं आपणहून घेतलं."

"आणि तू दिलंस."

 ईवर घाईघाईनं बोलायला लागला. गादीवर बसलो की पहिलं काम हेच, त्याला बोटीत घालून आयर्लंडला पाठवतो. तिथे आपली माणसं आहेत. वर्ष-दोन वर्षांत विसरतील लोक. तू फक्त तोंड बंद ठेव. मार्सलीनं त्याचं तोंड हातांत धरलं आणि सांगितलं, "आत्ता उठ आणि न्यायाधीशाकडे जा. मी येते तुझ्याबरोबर."

"मग कौल कशाला लावलास?" तो एकदम उसळून म्हणाला. "मला आग लावलीस आणि आता पाणी आणायला सांगतेस?"

तिनं आपले हात त्याच्या तोंडावरून काढून घेतले.  तो गेला आणि तिनं त्याच्यावर विश्वास ठेवला. अर्धामुर्धा का होईना, ठेवला. आयर्लंड काही वाईट नाही, असंही तिच्या मनात आलं.

तो विश्वास दोन दिवससुद्धा टिकला नाही. बुरुजात लोणी पोचवून आलेल्या बेहाकनं दारातूनच सांगितलं, "अगं, धनीणबाईच्या भावांनी मागणी केलीय. नवा धनी गादीवर बसला की पहिला न्याय फर्करचा करायचा. मेळ्याच्याच माळावर फास लावायचा."

"ईवर काय म्हणाला?"

बेहाकनं शालीच्या टोकानं तोंड पुसलं. "त्यानं मान डोलावली गं."

मार्सली उठली, डोक्याला फडकं बांधलं आणि बुरुजाकडे निघाली. तिचा फर्कर मरता कामा नये, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं, आणि ते होईपर्यंत ती आता कुठे बसणार नव्हती. खड्ड्यावरचा पहारेकरी म्हणाला, "म्हातारे, परवानगी नाही." ती म्हणाली, "तुझी नाळ मी कापली तेव्हा कोणाची परवानगी घेतली होती रे मेल्या? हो बाजूला." तो झाला बाजूला.

वरच्या जाळीतून तिनं खाली हाक मारली. "फर्कर, मला सगळं माहीत आहे. खरं सांगून टाक."

 खालून फर्कर म्हणाला, "मी मारलं, आई."

"मूर्खासारखं बोलू नकोस. तो तुला लटकावणार आहे. मान डोलावलीय त्यानं!"

"मग डोलावू दे."

"अरे, तुझा जीव जातोय!"

"आई, त्याला काटा बोचला तर कळ माझ्या पायातून निघायला पाहिजे, हे कोणी शिकवलं? काठी घेऊन शिकवलंस. आता मोठा झाल्यावर सांगतेस की ते खोटं होतं?" त्याचा आवाज चढला नव्हता. "तो माझा भाऊ आहे. घरी जा."

ती जाळीचे गज धरून तिथेच बसली. स्वतःच्या हातानं बांधलेली गाठ स्वतःलाच सुटेना अशी गत. तिला त्या वेळी स्वतःचा इतका राग आला, की तिनं आपलं कपाळ त्या गजांवर आपटून घेतलं. पण रडत बसायला वेळ नव्हता. मेळा उद्यावर आला होता. ती उठून जिना चढली आणि थेट धनीणबाईच्या खोलीत गेली.

टॉर्किलची विधवा, फिनूला, ही काही गोड बाई नव्हती. तिनं मार्सलीला बसायला सांगितलं नाही. मार्सलीनं उभ्यानंच सगळं सांगितलं, ईवर काय बोलला ते शब्दाला शब्द.

"मला वाटलंच होतं," फिनूला म्हणाली. "प्रेतावर पडून रडणारा माणूस मला कधीच आवडला नाही. पण तुझ्या बोलण्याला किंमत किती? तू फर्करची आई. पोराच्या बाजूनं आईची साक्ष आपल्याकडे धरत नाहीत."

"तुम्ही त्याला धरा ना, बाईसाहेब!"

"कोण धरणार? बुरुजातला प्रत्येक माणूस आतापासूनच त्याचं मीठ खातोय. माझे भाऊ उपरे." ती खिडकीपाशी गेली, परत आली. "एक मात्र आहे. आई पोराच्या बाजूनं बोलली तर ते वारा. पण पाजणारी आई, जिनं पाजलं त्याच्याच विरुद्ध बोलली, तर ते खोडता येत नाही. कारण तिला त्यातून काही मिळत नाही, असलेलं जातं. तसं आजवर कोणी बोललेलं नाही. उद्या माळावर हत्यारं नसतात, आणि नव्या धन्याचं पाऊल दगडात पडेपर्यंत न्यायाधीश धन्यापेक्षा मोठा. काय करायचं ते तू ठरव."

मार्सलीला कळून चुकलं. फर्करची आई म्हणून ती कितीही ओरडली तरी वारा. ईवरची आई म्हणून एक वाक्य बोलली तर तो मेला. आणि हे लांबून, आडून करता येणार नव्हतं. आमच्या माळावर एक काळा दगड आहे, त्यात पावलाच्या आकाराचा खळगा. नवा धनी त्यात उजवं पाऊल अनवाणी ठेवतो तेव्हा तो धनी होतो. त्या पायातला जोडा काढायचा मान त्याला पाजणाऱ्या बाईचा.

दुसऱ्या दिवशी सगळं बेट माळावर लोटलं. ऊन पडलेलं, पोरं मेंढ्यांसारखी मोकाट, एकीकडे बिअरची पिंपं आणि दुसरीकडे कोऱ्या दोराचा फास. ईवर पांढऱ्या कपड्यांत होता. भाटानं त्याच्या घराण्याची नावं म्हटली, एकामागून एक, लोक कंटाळून खोकायला लागेपर्यंत. मग न्यायाधीश गिलब्रीद पुढे आला. म्हातारा, एका डोळ्यानं अधू, पण आवाज खणखणीत.

"रक्त ऐकलं. आता दूध सांग. तुला कोणी पाजलं?"

"हिनं," ईवर म्हणाला. "मार्सलीनं. मला दुसरी आई नाही."

ते त्यानं मनापासून म्हटलं, आणि मार्सलीला ते ऐकू आलं, हे दोन्ही खरं. ती गुडघ्यांवर बसली. त्याचा जोडा काढला, लोकरी मोजा काढला. तळव्यावर लहानपणी शिंपल्यानं कापल्याची खूण होती, ती तिनंच बांधली होती. ईवरनं पाऊल उचललं. मार्सलीनं टाच दोन्ही हातांनी पकडली आणि सोडली नाही.

"आई, सोड," तो हळूच म्हणाला.

"नाही सोडत."

पहिल्यांदा लोक हसले. "म्हातारीला लेकरू सोडवेना!" कोणीतरी मागून ओरडलं, आणि पिंपांपाशी मोठा हशा पिकला.

"गिलब्रीद," मार्सली म्हणाली, "मला साक्ष द्यायचीय."

"फर्करची आई म्हणून बोलणार असशील तर तोंड उघडू नकोस, बाई."

"फर्करची नाही. ईवरची आई म्हणून बोलतेय. ह्याच्या विरुद्ध."

हसणं थांबलं. 

"टॉर्किल धन्याला ह्यानं मारलं. ह्यानं स्वतः येऊन मला सांगितलं. आणि ते करायची हाव ह्याच्या डोक्यात घातली ती मी. मी कौल लावला. जिवंत धन्याच्या गादीचा कौल, आणि तोही माझं दूध प्यायलेल्यासाठी. मला धन्याचा घोडा दिसला, रिकाम्या खोगिराचा, आणि मी म्हणाले गादी चालत आली. आता ऐका. तो घोडा फर्करच्या हाताखालचा. आदल्या संध्याकाळी फर्कर माझ्याकडे जेवायला आला होता आणि नेहमीप्रमाणे घोडा बांधायचा विसरला होता. खोगीरसुद्धा उतरवलं नव्हतं गाढवानं. तो घोडा फर्करला शोधत आला होता. हे मला त्याच वेळी माहीत होतं. तरी मी बोलले. मला वरच्या बाकावर बसायचं होतं."

"वेडी झालीय ती," ईवर म्हणाला. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "पोराच्या दुःखानं वेडी झालीय."

गिलब्रीदनं आपला एक डोळा त्याच्यावर रोखला. "आत्ताच सगळ्यांसमोर म्हणालास की ही तुझी आई. तोडतोस का तिला? तोडलीस तर तुझा जोडा कोणा परक्या बाईनं काढला, आणि ते पाऊल ह्या दगडात पडणार नाही. नाही तोडलीस तर तिचं बोलणं उभं राहतं. बोल."

ईवरनं खाली पाहिलं. मार्सली वर पाहत होती. त्याचा पाय तिच्या हातांत होता, आणि तो तरणाताठा गडी. एक लाथ घातली असती तर बाई दोन हात लांब पडली असती. तिला ते कळत होतं. ती म्हणाली, "घालायची तर घाल लाथ. त्याशिवाय मी सोडत नाही."

त्यानं लाथ घातली नाही. तो म्हणाला, "मी मारलं."

"मोठ्यानं सांग. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

"मी मारलं!" ईवर असा ओरडला की पोरं रडायला लागली. "फर्करनं माझ्या हातातून सुरी घेतली! त्यानं काही केलं नाही!"

तेव्हा मार्सलीनं पाय सोडला. पाऊल दगडात नाही, बाजूच्या गवतात पडलं.

स्वतःच्या रक्ताच्या माणसाला मारणाऱ्याला आमच्याकडे फासावर देत नाहीत, कारण मग त्याचं रक्त सांडणारा आणखी एक आप्त तयार होतो. त्याला वल्ही नाहीत, शीड नाही अशा होडीत बसवायचं, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असताना ढकलून द्यायचं. पुढे देव आणि पाणी बघून घेतील. गिलब्रीदनं तोच न्याय दिला, आणि त्या दिवशी वारा जमिनीकडूनच होता. मार्सलीला शिक्षा सांगायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "हिला आणखी काय देऊ?" आणि वळून गेला.

फर्करला खड्ड्यातून काढलं तेव्हा उजेडानं त्याचे डोळे मिटत होते. कोणीतरी त्याला झालेलं सांगितलं. मार्सली हात पसरून पुढे आली. तो तिच्या शेजारून गेला, तिच्याकडे न बघता, आणि किनाऱ्याच्या दिशेनं पळत सुटला.

होडी ढकलली गेली होती. तो तसाच पाण्यात शिरला, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, आणि त्यानं होडीची कड पकडली. सगळं बेट काठावर उभं होतं. कोणी त्याला अडवायला गेलं नाही. पाण्यावरून दोघांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"सोड, फर्कर."

"मी येतोय. सरक."

"सरकत नाही. माझ्याबरोबर यायचं नाही. आईकडे कोण बघणार?"

"तिचं नाव काढू नकोस!"

"आपली आई आहे ती," ईवर म्हणाला, आणि त्यानं फर्करची बोटं एकेक करून कडेवरून सोडवली आणि त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं. होडी वाऱ्यावर निघाली. फर्करला पोहता येत होतं, पण त्यानं पुन्हा हात मारला नाही.

तो बाहेर आला आणि वाळूवर बसला, निथळत. मार्सली त्याच्यापासून थोडी दूर उभी राहिली. त्यानं मान न वळवता म्हटलं, "तू माझा भाऊ मारलास."

"हो. मारला."

"मला विचारलं होतंस?"

"नाही. विचारणारही नव्हते."

लोक हळूहळू पांगले. बिअरची पिंपं तशीच राहिली. बेहाक एक शाल घेऊन आली, ती मार्सलीनं फर्करच्या खांद्यावर टाकली; त्यानं ती झटकली, तिनं पुन्हा टाकली. होडी नुसता ठिपका झाली, आणि मग तोही दिसेना. तेव्हा मार्सली मटकन खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. ईवरचं नाव घेऊन, वाळूवर दोन्ही हात आपटून ती रडली, आणि तिला तसं रडताना बेटावर कोणी पाहिलं नव्हतं, नवरा बुडाला तेव्हासुद्धा नाही.

 "आता रडतेस?" फर्कर म्हणाला.

"मग कधी रडू?" मार्सली म्हणाली. "आधी तुला सोडवायचं होतं."

 शाल फर्करनं पुन्हा झटकली नाही, आणि तो तिथून उठूनही गेला नाही.